कारणांचे जतन : सॉफ्टवेअरच्या वास्तुरचनेतील ज्ञान आणि माजी मालगुजारी तलावांचा अनुभव

प्रस्तावना

कोणतीही मोठी रचना उभी राहते तेव्हा तिच्याबरोबर दोन गोष्टी जन्माला येतात. एक म्हणजे प्रत्यक्ष रचना आणि दुसरी म्हणजे ती तशीच का केली याविषयीचे ज्ञान. रचना डोळ्यांना दिसते, तिचे मोजमाप घेता येते, तिचा आराखडा काढता येतो. तिच्यामागील ज्ञान मात्र रचनाकारांच्या मनात राहते आणि रचनाकार निघून गेले की तेही त्यांच्याबरोबर जाते. संगणकशास्त्रात गेल्या काही दशकांत या प्रश्नाचा स्वतंत्र अभ्यास झाला असून सॉफ्टवेअरच्या वास्तुरचनेतील ज्ञान टिपणे व जतन करणे ही आज त्या शास्त्राची एक मान्य शाखा आहे.

हा प्रश्न केवळ संगणकाच्या क्षेत्रापुरता मर्यादित नाही. चंद्रपूर व गडचिरोली या वनव्याप्त जिल्ह्यांतील माजी मालगुजारी तलावांच्या इतिहासात तो फार आधी आणि फार मोठ्या प्रमाणावर घडून गेला आहे. प्रस्तुत लेखात या तलावांच्या अनुभवाच्या आधारे सॉफ्टवेअरमधील रचनाज्ञानाचे स्वरूप, ते नाहीसे होण्याची कारणे आणि त्याच्या जतनाच्या पद्धती स्पष्ट करण्याचा प्रयत्न करण्यात आला आहे.

वास्तुरचना : संकल्पना

सॉफ्टवेअर म्हणजे संगणकाला दिलेल्या आज्ञांचा संच, ही व्याख्या लहान कार्यक्रमापुरती पुरेशी आहे. विद्यापीठाची परीक्षाप्रणाली, बँकेचा व्यवहार किंवा भूमी अभिलेखांचे संगणकीकरण अशा मोठ्या कामांत आज्ञांची संख्या लाखोंच्या घरात जाते. अशा वेळी संपूर्ण प्रणालीची विभागणी कोणत्या घटकांत करावी, घटकांनी एकमेकांशी कसा व्यवहार करावा, माहिती कोठे साठवावी आणि पुढे बदल करण्याची सोय कोठे ठेवावी हे मूलभूत निर्णय आधी घ्यावे लागतात. या निर्णयांतून प्रणालीला जी घडण प्राप्त होते तिला वास्तुरचना असे म्हणतात.

डेवेन पेरी आणि अलेक्झांडर वुल्फ यांनी १९९२ मध्ये वास्तुरचनेची जी मांडणी केली तीत घटक, त्यांची परस्परमांडणी आणि कारणमीमांसा अशी तीन अंगे सांगितली होती. म्हणजेच ‘का’ या प्रश्नाचे उत्तर हे वास्तुरचनेला बाहेरून जोडलेले परिशिष्ट नसून तिचेच एक अंग आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. व्यवहारात मात्र पहिल्या दोन अंगांच्या आकृत्या काढल्या गेल्या आणि तिसरे अंग बहुधा कोरेच राहिले. २००५ मध्ये अँटन यान्सेन आणि यान बॉश यांनी वास्तुरचना म्हणजे रचनाविषयक निर्णयांचा संच होय, अशी भूमिका मांडून या उपेक्षित अंगाकडे पुन्हा लक्ष वेधले. निर्णय नोंदले गेले नाहीत तर ते ज्ञान जणू वाफ होऊन उडून जाते, हे बॉश यांनी त्याच्या आदल्या वर्षीच्या लेखनात दाखवून दिले होते.

माजी मालगुजारी तलाव : रचना उरली, कारणे हरवली

ज्ञान असे उडून जाते म्हणजे नेमके काय होते, हे पूर्व विदर्भात प्रत्यक्ष पाहता येते. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या धानपट्ट्यात सहा हजारांहून अधिक जुने तलाव आहेत. गोंड राजांच्या काळापासून ते बांधले गेले. चांद्याचा राजा हिरशहा याने जो तलाव बांधील त्याला त्या तलावाखाली भिजणारी जमीन देण्याचे धोरण ठेवले होते, अशी परंपरा सांगितली जाते. तलाव बांधण्यात कोहळी समाज विशेष निष्णात मानला गेला. रसेल व हिरालाल यांच्या मध्य प्रांतातील जातिजमातींवरील १९१६ च्या ग्रंथातही या समाजाच्या तलावबांधणीची दखल घेतलेली आहे.

वरवर पाहता तलाव म्हणजे मातीची पाळ, जादा पाणी वाहून जाण्यासाठी सांडवा आणि शेतीला पाणी सोडण्यासाठी दार, ज्याला या भागात तुडुम म्हणतात. परंतु या तीन अवयवांचे स्थान व उंची ठरविताना अनेक गोष्टींचा मेळ घालावा लागत असे. सांडव्याची पातळी थोडी वाढविली तर पाणी अधिक साठेल, पण वरच्या अंगाची जमीन बुडेल आणि मोठ्या पावसात पाळीला धोका निर्माण होईल. दार फार खाली घेतले तर ते गाळाने बुजेल. फार वर घेतले तर त्याखालचे पाणी शेतीला मिळणार नाही. जेथे तलाव एकाखाली एक असे साखळीने बांधलेले असतात तेथे वरच्या तलावाचा सांडवा हा खालच्या तलावाचा झरा असतो. त्यामुळे एका पाळीवर घेतलेला निर्णय दुसऱ्या गावातील बोडीपर्यंत पोहोचतो.

ही सारी कारणे प्रामुख्याने तोंडी परंपरेने चालत आली. तलावाची देखभाल मालगुजाराकडे होती. दुरुस्तीचे काम गावाच्या श्रमातून होई आणि काम करता करता जाणत्यांचे ज्ञान पुढच्या पिढीला मिळे. या व्यवस्थेत विषमता होती आणि तिचे निर्मूलन आवश्यकच होते. १९५० च्या मध्य प्रदेश मालकी हक्क निर्मूलन कायद्याने मालगुजारी संपली आणि १९५१ मध्ये तलाव शासनाकडे आले. त्यानंतर हा प्रदेश १९५६ मध्ये मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. म्हणजे अवघ्या नऊ वर्षांत तलावांचा मालक एकदा आणि राज्य दोनदा बदलले. पुढे सिंचनक्षमतेनुसार लहान तलाव जिल्हा परिषदेकडे व मोठे तलाव पाटबंधारे विभागाकडे अशी विभागणी झाली. २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली जिल्हा स्वतंत्र झाला तेव्हा पुन्हा एकदा कागदपत्रांची वाटणी झाली.

प्रत्येक हस्तांतरात तलाव मिळाला, परंतु तलावाचे ज्ञान मिळाले नाही. लिखित नोंदी अजिबात नव्हत्या असेही नाही. निस्तार पत्रक व वाजिब-उल-अर्ज या महसुली दस्तऐवजांची परंपरा या प्रदेशात जुनी आहे आणि महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्येही त्यांची तरतूद आहे. सिंचनाचा, वहिवाटीचा, मासेमारीचा हक्क कोणाला आहे, गावाची रूढी काय आहे, हे त्यांत नोंदले जाते. परंतु कोण व काय यांची उत्तरे देणारा हा दस्तऐवज ‘का’ या प्रश्नाचे उत्तर देत नाही. हक्क सांगणारी नोंद आणि कारण सांगणारी नोंद यांतील हा भेद पुढील विवेचनासाठी महत्त्वाचा आहे.

कारण ठाऊक नसताना केलेल्या दुरुस्तीचे परिणाम सहज दिसून येतात. गाळ काढताना खोदकाम दाराच्या पातळीखाली गेले तर वाढलेली साठवण कागदावर दिसते, पण ते पाणी आपोआप शेताकडे वाहत नाही. तळातील चिकणमातीचा थर भेदला गेला तर पाणी झिरपून जाते. भंडारा-गोंदिया भागात मनीष राजनकर यांनी ढिवर समाजासोबत केलेल्या कामातून आणखी एक बाब पुढे आली. तलावातील स्थानिक पाणवनस्पती, मासे व पक्षी यांचे परस्परसंबंध ढिवरांना ठाऊक होते. बेशरम ही वनस्पती काढून स्थानिक वनस्पतींची पुन्हा लागवड केल्यावाचून केवळ गाळ काढून तलाव जिवंत होत नाही, हे या कामाने दाखविले. ज्यांच्याकडे ज्ञान होते त्यांना दुरुस्तीच्या निर्णयात स्थान नव्हते, हाच येथील खरा दोष होता.

सॉफ्टवेअरमध्ये ज्ञान कसे हरवते

सॉफ्टवेअरच्या बाबतीत हीच प्रक्रिया शतकांऐवजी चार-पाच वर्षांत घडते. प्रणाली तयार करणारा चमू काम संपताच पांगतो. देखभालीचे कंत्राट दुसऱ्याकडे जाते. आज्ञावली हाती असते, ती वाचताही येते. परंतु एखादा भाग विचित्र वाटला तर तो चुकून तसा राहिला आहे की विचारपूर्वक तसा ठेवला आहे, हे केवळ वाचून कळत नाही. अशा वेळी नवा अभियंता दोहोंपैकी एक मार्ग धरतो. तो अनावश्यक समजून तो भाग काढून टाकतो, किंवा भीतीपोटी त्याला हातच लावत नाही. पहिल्या मार्गाने प्रणाली मोडते. दुसऱ्या मार्गाने ती जड व जीर्ण होत जाते. डेव्हिड पार्नास यांनी १९९४ मध्ये ‘सॉफ्टवेअरचे वार्धक्य’ या कल्पनेचे विवेचन केले. मूळ रचना न समजलेल्या माणसांनी केलेले बदल हे त्या वार्धक्याचे एक प्रमुख कारण त्यांनी सांगितले होते.

येथे एक मूलभूत अडचण लक्षात घ्यावी लागते. निवडलेला पर्याय आज्ञावलीत उतरतो, परंतु नाकारलेला पर्याय कोठेच उतरत नाही. तलावाच्या पाळीकडे पाहून ती कोठे बांधली हे दिसते. ती शंभर हात वर का बांधली नाही हे दिसत नाही. रचनाज्ञानाचा मोठा भाग या नाकारलेल्या पर्यायांत असतो आणि तो आपोआप नाहीसा होतो. म्हणूनच तो मुद्दाम टिपावा लागतो.

नोंदीच्या पद्धतींचा विकास

रचनेमागील कारणे नोंदविण्याचा पहिला ठळक प्रयत्न संगणकशास्त्राबाहेर, नियोजनाच्या क्षेत्रात झाला. वर्नर कुंझ व होर्स्ट रिटेल यांनी १९७० मध्ये प्रश्न, त्यावरील भूमिका आणि प्रत्येक भूमिकेच्या बाजूचे व विरुद्धचे युक्तिवाद अशी त्रिस्तरीय नोंदपद्धती सुचविली. ही पद्धत तर्कशुद्ध होती, परंतु प्रत्येक चर्चा अशा तपशिलाने नोंदविण्याचे श्रम मोठे होते. नोंद करणाऱ्यास तिचा लाभ होत नाही आणि ज्यास लाभ होणार तो नोंद करताना उपस्थित नसतो, ही अडचण पुढील सर्व पद्धतींनाही भेडसावत राहिली.

पार्नास व पॉल क्लेमेंट्स यांनी १९८६ मध्ये वेगळ्या बाजूने विचार केला. प्रत्यक्ष रचना कधीच सरळ, तर्कशुद्ध क्रमाने घडत नाही. तरीही दस्तऐवज मात्र ती तशी घडली असे समजून लिहावा, म्हणजे वाचणाऱ्यास तो उपयोगी पडेल, असे त्यांचे म्हणणे होते. त्या दस्तऐवजात नाकारलेले पर्याय व ते नाकारण्याची कारणे यांनाही त्यांनी स्थान दिले होते. पुढे २००० मध्ये वास्तुरचनेच्या वर्णनाचे जे मानक तयार झाले, आणि जे नंतर ४२०१० या क्रमांकाने आंतरराष्ट्रीय मानक बनले, त्यात कारणमीमांसेची नोंद अपेक्षित धरण्यात आली. २००५ मध्ये जेफ टायरी व आर्ट अकरमन यांनी निर्णयाच्या नोंदीचा सविस्तर नमुना प्रसिद्ध केला.

मायकेल नायगार्ड यांनी २०११ मध्ये सुचविलेली पद्धत यांपैकी सर्वांत साधी व म्हणूनच सर्वाधिक रुजलेली ठरली. प्रत्येक महत्त्वाच्या निर्णयासाठी एक-दोन पानांची स्वतंत्र नोंद करावी. तीत शीर्षक, परिस्थिती, निर्णय, निर्णयाची सद्यःस्थिती आणि परिणाम एवढीच सदरे असावीत. नोंदींना अनुक्रमांक द्यावा. त्या कपाटातील वेगळ्या फाइलीत न ठेवता आज्ञावलीसोबतच ठेवाव्यात. निर्णय बदलला तर जुनी नोंद पुसू नये. नवी नोंद करून जुनीवर ती रद्द झाल्याचा शेरा मारावा. ही शेवटची अट विशेष महत्त्वाची आहे. फेरफार नोंदवहीत जुना फेरफार जसा खोडून नाहीसा केला जात नाही, तसेच येथेही अपेक्षित आहे. निर्णयांचा इतिहास हाच पुढील निर्णयाचा आधार असतो.

एक कल्पित उदाहरण

ही पद्धत स्पष्ट होण्यासाठी एक कल्पित उदाहरण घेता येईल. भामरागड तालुक्यातील आरोग्य केंद्रांसाठी रुग्णनोंदींची प्रणाली तयार करावयाची आहे असे समजू. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. वीज व दूरसंचार यांचाही भरवसा राहत नाही. अशा प्रणालीतील एका निर्णयाची नोंद पुढीलप्रमाणे होऊ शकेल.

शीर्षक : प्रत्येक केंद्रातील संगणकावर नोंदींची स्थानिक प्रत ठेवणे.
परिस्थिती : पावसाळ्यात संपर्क अनेक दिवस बंद राहू शकतो. त्या काळातच हिवताप व सर्पदंशाचे रुग्ण अधिक येतात. जुनी नोंद पाहिल्यावाचून उपचार करणे धोक्याचे आहे.
विचारात घेतलेले अन्य पर्याय : सर्व माहिती केवळ जिल्हा मुख्यालयी ठेवणे. खर्च कमी, परंतु पुराच्या काळात केंद्र निरुपयोगी होईल म्हणून नाकारला. कागदी नोंदवही ठेवून नंतर संगणकात भरणे. दुहेरी श्रम व चुकांची शक्यता म्हणून नाकारला.
निर्णय : माहिती प्रथम स्थानिक संगणकावर साठवावी व संपर्क मिळताच मुख्यालयाशी जुळवावी.
सद्यःस्थिती : स्वीकृत.
परिणाम : एकाच रुग्णाची नोंद दोन ठिकाणी वेगळी होण्याची शक्यता राहील, ती जुळविण्याची व्यवस्था करावी लागेल. रुग्णांची माहिती केंद्रात राहत असल्याने संगणकाच्या सुरक्षिततेची जबाबदारी वाढेल. संपर्क बारमाही व भरवशाचा झाल्यास या निर्णयाचा फेरविचार करावा.

येथे नायगार्ड यांच्या सदरांत अन्य पर्यायांचे एक सदर वाढविले आहे. ही नोंद नसेल तर काही वर्षांनी उन्हाळ्यात काम पाहणारा अभियंता स्थानिक प्रत अनावश्यक ठरवील. त्याला चांगला संपर्क मिळालेला असेल आणि त्याचा तर्कही चुकीचा वाटणार नाही. त्याचा परिणाम मात्र पुढच्या श्रावणात एखाद्या रुग्णाला भोगावा लागेल. नोंदीतील शेवटचे वाक्यही तितकेच मोलाचे आहे. निर्णय कोणत्या परिस्थितीत टिकतो आणि कोणत्या परिस्थितीत बदलावा, हे ते सांगते. कारण ठाऊक असेल तर रचना निर्भयपणे बदलताही येते.

नोंदीची मर्यादा आणि चर्चेचे स्थान

सर्व ज्ञान लेखनात उतरते काय, हा प्रश्न येथे उपस्थित होतो. डॅनिश संगणकशास्त्रज्ञ पीटर नॉर यांनी १९८५ मध्ये याचे उत्तर नकारार्थी दिले. प्रणाली घडविणाऱ्यांच्या मनात तिच्याविषयी जी समग्र समज तयार होते तीच खरी निर्मिती होय. आज्ञावली व दस्तऐवज ही तिची अपुरी रूपे आहेत, असे त्यांचे मत होते. ती समज बाळगणारा चमू विखुरला की प्रणाली चालू असली तरी मृत होते. ज्ञानाचा अव्यक्त भाग सहवासातून व सहकार्यातूनच संक्रमित होतो. तुडुम केव्हा व किती उघडावे हे ज्याप्रमाणे पाळीवर उभे राहूनच शिकता येते, त्याप्रमाणेच हे आहे.

या दृष्टीने गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गावाची कार्यपद्धती विचारार्ह आहे. वनहक्क कायद्यान्वये २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळविणारे आणि एप्रिल २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचा अधिकार प्राप्त करणारे गाव म्हणून ते प्रसिद्ध आहे. देवाजी तोफा व मोहन हिराबाई हिरालाल यांच्या प्रयत्नांतून तेथे दोन वेगळ्या व्यवस्था उभ्या राहिल्या. विषय समजून घेण्यासाठी अभ्यासगट आणि निर्णय घेण्यासाठी ग्रामसभा. ग्रामसभेचा निर्णय बहुमताने न होता सर्वसहमतीने होतो. त्यामुळे प्रत्येक आक्षेप ऐकून त्याचे निरसन करावे लागते आणि निर्णयामागील कारण एका व्यक्तीकडे न राहता सर्वांच्या समजुतीचा भाग बनते. सॉफ्टवेअरच्या चमूंत नोंद आणि चर्चा या दोहोंची अशीच सांगड आवश्यक आहे. केवळ नोंद वाचणाऱ्याअभावी निर्जीव होते आणि केवळ चर्चा माणसांबरोबर विरून जाते.

महाविद्यालयांपुढील कार्य

महाविद्यालयीन अध्यापकांचा या विषयाशी दुहेरी संबंध येतो. प्रथमतः, महाविद्यालये स्वतः अशा प्रणालींची वापरकर्ती आहेत. २०११ मध्ये गोंडवाना विद्यापीठाची स्थापना झाली तेव्हा चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील महाविद्यालये नागपूर विद्यापीठाकडून नव्या विद्यापीठाकडे आली. अशा संक्रमणात प्रवेश, शुल्क व परीक्षा यांच्या प्रणालींतील कोणता नियम विद्यापीठाचा, कोणता शासनाचा आणि कोणता महाविद्यालयाच्या सोयीचा होता, हे नोंदलेले असणे किती उपयुक्त ठरते हे सहज समजण्याजोगे आहे. अभ्यासक्रम व श्रेयांक पद्धती बदलल्या की हाच प्रश्न पुन्हा उभा राहतो. म्हणून बाहेरून प्रणाली तयार करून घेताना आज्ञावलीबरोबर निर्णयनोंदींचीही मागणी करारातच करणे इष्ट होय.

दुसरे असे की, संगणकशास्त्राच्या अंतिम वर्षाचे विद्यार्थी दरवर्षी प्रकल्प करतात. त्यांच्या अहवालांत माहितीप्रवाहाच्या आकृत्या, तक्ते व पडद्यांची चित्रे असतात. निर्णयांची कारणे क्वचितच आढळतात. प्रत्येक प्रकल्पात निदान पाच निर्णयनोंदी अनिवार्य करून त्यांस गुण ठेवले, तसेच दुसऱ्या वर्षीच्या गटास नवा प्रकल्प देण्याऐवजी आधीच्याच प्रकल्पात बदल करावयास लावले, तर नोंदीचे मूल्य विद्यार्थ्यांना व्याख्यानाशिवाय कळेल. आपल्यामागून येणारा वाचक खरोखरच येणार आहे, याची जाणीव झाल्यावाचून कोणी मनापासून नोंद करीत नाही.

हीच नोंदपद्धती संगणकशास्त्राबाहेरही वापरता येण्याजोगी आहे. भूगोल, समाजशास्त्र व मराठी या विभागांनी राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांतून परिसरातील एकेका तलावाची माहिती घेतली, वृद्ध शेतकरी व ढिवर यांना पाळ, सांडवा व दार यांच्या जागेची कारणे विचारली आणि ती परिस्थिती, निर्णय, परिणाम या क्रमाने नोंदवून ग्रामपंचायतीस दिली, तर पुढील दुरुस्तीच्या वेळी तो दस्तऐवज उपयोगी पडेल. हे ज्ञान बाळगणारी पिढी वयोवृद्ध आहे, हे येथे लक्षात घ्यावयास हवे.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसून येते की, रचनेचे जतन आणि रचनाज्ञानाचे जतन या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिलीसाठी प्रत करून ठेवणे पुरते. दुसरीसाठी निर्णय घेतानाच त्याचे कारण, नाकारलेले पर्याय व अपेक्षित परिणाम लिहून ठेवावे लागतात, ती नोंद रचनेच्या सान्निध्यात ठेवावी लागते आणि तिच्यावर चर्चा करणारा समुदाय टिकवावा लागतो. यांपैकी एकही बाब खर्चिक नाही. परंतु तिची वेळ टळली तर नंतर कितीही खर्च करून ती साधत नाही. पूर्व विदर्भातील तलावांच्या बाबतीत ती वेळ बऱ्याच अंशी टळली आहे आणि उरलेले ज्ञान काही वृद्धांच्या आठवणीत आहे. आज घडत असलेल्या संगणकप्रणालींच्या बाबतीत ती अद्याप टळलेली नाही.